फ्लाइट मोड लावला नाही तर विमानातलं नेमकं कुठलं यंत्र बिघडतं?

खिडकीची जागा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जुनाच आहे, पण त्याचं धड उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. विमान सुटण्याआधी सांगतात, फोन फ्लाइट मोडवर टाका, दिशादर्शक यंत्रणेत अडथळा येऊ शकतो. माझ्या मेहुण्याचं म्हणणं, हे शुद्ध थोतांड. त्याचा युक्तिवाद असा: भरलेल्या विमानात पाच-सहा जण तरी विसरत असणारच, दोन-चार जण मुद्दाम लावत नसणार. तरी विमानं रोज सुखरूप उतरतात. फोनने विमान खरंच भरकटत असतं तर चाकू-कात्रीसारखे फोनही दारातच काढून घेतले असते.

मला त्याचं तोंड बंद करायचंय, पण त्याचा मुद्दा खोडता येत नाहीये. जालावर शोधलं तर सगळीकडे एकच वाक्य, 'हस्तक्षेप होऊ शकतो'. कशात? कसा? किती? ते कुणी सांगत नाही. शिवाय विमान कंपन्या आता वर वाय-फाय देतात. म्हणजे वाय-फायच्या लहरी चालतात आणि मोबाइलच्या चालत नाहीत? आणि असं आजवर कधी प्रत्यक्षात घडलंय का?

ही यंत्रं हाताळलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. 'सुरक्षितता महत्त्वाची' छाप उत्तरं नकोत, ती पाठ आहेत.

---

बेरकी

मेहुण्याला माझा नमस्कार सांगा. पूर्वी सीटच्या पाठीला क्रेडिट कार्डावर चालणारे फोन असायचे, मिनिटाला भरमसाट पैसे. स्वतःचा मोबाइल चालू दिला असता तर ते कुणी उचलले असते? सगळा धंदा. सुरक्षिततेचं नाव पुढे केलं की कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

---

मनोरा

मी मोबाइल नेटवर्कच्या बाजूने सांगतो, विमानाचं विमानवाल्यांनी सांगावं.

अमेरिकेत उडत्या विमानातून मोबाइल वापरायला बंदी घातली ती विमान वाहतुकीच्या खात्याने नव्हे, दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९९१ साली. कारण विमान वाचवायचं हे नव्हतं, आमचे टॉवर वाचवायचे होते. जमिनीवर तुमचा फोन दोन-तीन टॉवरना दिसतो आणि त्या हिशोबानेच एकच चॅनेल थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या टॉवरला पुन्हा दिलेलं असतं. फोन दहा किलोमीटर वर गेला की मध्ये ना डोंगर ना इमारत, तो एकाच वेळी कितीतरी टॉवरना दिसायला लागतो. त्यात ताशी आठ-नऊशे किलोमीटरचा वेग. एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवासोपवी पूर्ण व्हायच्या आत तो पुढे गेलेला असतो. टॉवरच्या अँटेना खाली झुकवलेल्या असतात, त्यामुळे वर नीट सिग्नल मिळतही नाही, आणि फोन बिचारा ओरडत राहतो.

तेव्हा बेरकी, धंदा असेलही, पण तेवढंच कारण नव्हतं.

---

जुनी वायर

मी एव्हिऑनिक्सवाला. विमानातली रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणं काढणं, तपासणं, बसवणं हाच जन्मभराचा व्यवसाय, आता निवृत्त. प्रश्न सरळ विचारलाय म्हणून सरळ लिहितो. लांबेल.

आधी मोबाइल विसरा. हा नियम मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रान्झिस्टरचे छोटे एफएम रेडिओ आले आणि लोक ते विमानात घेऊन बसायला लागले. रेडिओ तर नुसता ऐकण्याचा डबा, तो काय बाहेर फेकणार? पण फेकतो. एफएम रिसीव्हरच्या आत एक छोटा ऑसिलेटर असतो आणि तो तुम्ही लावलेल्या स्टेशनपेक्षा साधारणतः १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. तुम्ही ९८.२ वर गाणी ऐकत असाल तर आतला ऑसिलेटर १०८.९ वर गुणगुणतोय. आता विमानाचे बँड बघा. व्हीओआर, म्हणजे जमिनीवरून दिशा सांगणारं केंद्र, १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. धावपट्टीची मधली रेघ दाखवणारा लोकलायझर १०८.१ ते १११.९५ मध्ये. १०८.९ हे चक्क लोकलायझरचं चॅनेल आहे. म्हणजे त्या रेडिओतून जी थोडीशी गळती होते ती नेमकी विमान जिथे कान देऊन बसलंय तिथेच. १९६३ सालच्या आरटीसीएच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) अहवालाच्या मुळाशी हेच प्रकरण होतं, आणि एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, हातातल्या उपकरणांचा नियमही त्याच काळातला.

त्यामुळे 'कुठलं यंत्र' या प्रश्नाचं पहिलं उत्तर: यंत्र बिघडत नाही, रिसीव्हरला भलतंच ऐकू येतं. दोन्हींत फरक आहे. फोनने विमानाचं इंजिन बंद पडत नाही, सुकाणू सुटत नाही. संगणक, केबल, नियंत्रणं यांची वीज पडण्यापासून ते जमिनीवरच्या शक्तिशाली रडारपर्यंत सगळ्यांविरुद्ध परीक्षा घेतलेली असते. तुमचा फोन त्यांच्यापुढे चिलट. पण रिसीव्हरचं काय करणार? त्याचं कामच मुळी क्षीण सिग्नल पकडणं हे आहे. त्याच्या अँटेनावर येतात काही मायक्रोव्होल्ट. शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकायला भिंतीला कान लावून बसलेल्या माणसाजवळ कुणी कागद चुरगळला तर त्याला इजा होत नाही, पण कुजबुज निसटते. तसं.

लोकलायझर कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची रांग असते. उतरायला येणाऱ्या वैमानिकाच्या डाव्या बाजूला ९० हर्ट्झचा सूर जोरात आणि उजव्या बाजूला १५० हर्ट्झचा. रिसीव्हर फक्त दोन्ही सुरांची तुलना करतो. सारखे असले की सुई मधोमध. खाली-वरचं काम ग्लाइड स्लोप करतो, ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झवर, त्याच दोन सुरांनी. आता मध्ये एखादा उपरा सिग्नल घुसला तर बहुतेक वेळा रिसीव्हरच्या लक्षात येतं की काहीतरी चुकतंय आणि काट्यावर झेंडी पडते. झेंडी पडली की वैमानिक ते उपकरण मानत नाही, विषय संपला. काळजी असते ती झेंडी न पडता सुई सरकली तर.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने २००३ मध्ये याच प्रयोगाचा अहवाल छापला. प्रयोगशाळेत उपकरणं मांडून मोबाइलसारखा सिग्नल हळूहळू वाढवत नेला. दिसलेल्या गोष्टी अशा: होकायंत्र अडकलं किंवा पुढे सरकून गेलं, व्हीओआरच्या दिशेत पाच अंशांपर्यंत चूक, 'टू' आणि 'फ्रॉम' (केंद्राकडे की केंद्रापासून दूर, हे सांगणाऱ्या खुणा) उलटे झाले, लोकलायझरचे कान मंद झाले, सुईत चूक आली कधी झेंडीसह तर कधी झेंडीविना, आणि हेडफोनमध्ये आवाज. आता मेहुण्याच्या बाजूचाही मुद्दा त्याच अहवालात आहे, तो लपवत नाही. हे सगळं ज्या तीव्रतेला घडलं तेवढी तीव्रता काही मीटरवरच्या फोनची नसते. पूर्ण ताकदीने चाललेला फोन उपकरणापासून किंवा त्याच्या वायरिंगपासून साधारण ३० सेंटिमीटरवर आणला तर मिळते.

आता ३० सेंटिमीटर म्हणजे किती ते पाहा. खिडकीच्या सीटवर बसून फोन भिंतीला टेकवला की प्लॅस्टिकच्या आवरणामागे वायरींचे जुडगे जातात. त्यातल्या बऱ्याच दिव्यांच्या नि पंख्यांच्या असतात, पण सगळ्या नाही. दुसरी वाट खिडकीतून. विमानाचं अंग धातूचं, लहरी अडवतं, पण खिडकी आणि दाराची फट अडवत नाही. लहर खिडकीतून बाहेर पडते, अंगावरून सरपटत अँटेनापर्यंत जाते. बोइंग ७३७ वर लोकलायझर आणि ग्लाइड स्लोपच्या अँटेना नाकाच्या टोपणाखाली, व्हीओआरची शेपटीच्या टोकावर, जीपीएसची पाठीवर. म्हणून कुठल्या सीटवरचा फोन कुठल्या अँटेनाला किती पोचतो हे प्रत्येक प्रकारच्या विमानात वेगळं. नासाने विमानं उभी करून एकेका खिडकीपाशी हे मोजलेलं आहे.

आणि मनोरा म्हणतात ते 'ओरडणं' इथे येतं. टॉवर जवळ असला की फोन अगदी हळू बोलतो. टॉवर नीट मिळेना झाला की तो आवाज चढवत कमालीला नेतो, जुन्या जीएसएमच्या ९०० च्या बँडवर २ वॅट. तेही सलग नाही, सेकंदाला २१७ ठोके. स्पीकरजवळ फोन ठेवल्यावर 'टर्र-टिक-टिक' यायचं ना, तेच हेडसेटमध्ये यायचं. वैमानिकांची सगळ्यात जास्त तक्रार याचीच. विमान भरकटत नाही, पण धावपट्टी दिसेपर्यंतच्या शेवटच्या मिनिटांत नियंत्रकाने सांगितलेला आकडा त्या टर्रमध्ये बुडाला तर? पुन्हा विचारावा लागतो. एकदा ठीक आहे, गर्दीच्या विमानतळावर तीनदा म्हणजे ताप.

आता मूळ मुद्दा, जो मेहुण्याला ऐकवायचा आहे. आमच्याकडे टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, वैमानिक नोंद करायचा, 'उतरताना लोकलायझर अस्थिर'. आम्ही टेस्ट सेट घेऊन विमानाशी जायचो, खोटा सिग्नल सोडायचो, सुई अगदी आज्ञाधारक. कनेक्टर उघडायचे, शिल्डची, म्हणजे वायरीभोवतीची लहरी अडवणारी तांब्याची जाळी कुठे गंजून हिरवी पडलीय का बघायचं, अँटेनाखाली पाणी शिरलंय का, धातूचे भाग एकमेकांना जोडणारी बाँडिंगची पट्टी सैल झालीय का. काही सापडलं तर देवाची कृपा. नाहीतर लिहायचं, 'जमिनीवर तपासणी केली, दोष आढळला नाही'. कारण दोष असलाच तर तो एखाद्याच्या खिशात होता आणि तो केव्हाच टॅक्सीत बसून घरी गेलेला. हस्तक्षेप मागे काहीच ठेवत नाही. काळा निशाण नाही, जळका वास नाही. 'कधी घडलंय असं सिद्ध झालं का' याचं उत्तर 'क्वचित' येतं त्याचं अर्धं कारण हेच आहे.

नियम तुमच्या फोनमुळे नाही. तुमचा फोन चांगला असेल. पण त्याच विमानात कुणाचा तरी तीनदा पडलेला, कुठल्यातरी टपरीवर उघडून दुरुस्त केलेला, आतलं शिल्ड बसवायचं राहिलेला फोन आहे, आणि त्याच विमानात एक जुनी जाळी हिरवी पडलेली आहे, आणि त्या दिवशी धुकं आहे. हे तिन्ही एकत्र येण्याची शक्यता फार थोडी. ती कुठल्या विमानात, कधी, हे कुणालाच आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांना सरसकट सांगतात. चाकू दिसतो, तो काढून घेता येतो. सैल शिल्ड दिसत नाही.

---

बेरकी

वायरकाका, लेख झकास. पण एवढं सांगून एक तरी विमान पडलेलं दाखवा की.

---

जुनी वायर

'फोनमुळेच पडलं' असं ठाम लिहिलेला अहवाल मला माहीत नाही. जवळात जवळ जाणारं प्रकरण न्यूझीलंडचं. ६ जून २००३, क्राइस्टचर्च. पायपर नवाहो चीफटन, दोन इंजिनांचं छोटं विमान, धुक्यात आयएलएसवर, म्हणजे लोकलायझर आणि ग्लाइड स्लोपच्या जोडीवर, उतरत होतं. ग्लाइड स्लोपच्या खाली जाऊन धावपट्टीच्या आधीच जमिनीला भिडलं. वैमानिक आणि सात प्रवासी गेले, दोघे वाचले. तपासात निघालं की शेवटची साधारण तीन मिनिटं वैमानिकाच्या स्वतःच्या मोबाइलवरचा कॉल चालू होता. त्या फोनमुळे ग्लाइड स्लोपचा काटा चुकीचं दाखवत असू शकेल, ही शक्यता तपास आयोगाने नोंदवली आहे. शक्यता म्हणून, सिद्ध कारण म्हणून नाही. आता ते वरचे ३० सेंटिमीटर आठवा. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकाचा खिसा आणि उपकरणांची फळी यांच्यात अंतर किती असतं? मोठ्या विमानातल्या बाविसाव्या रांगेपेक्षा हे कितीतरी गंभीर. प्रवाशांना दम देणाऱ्यांनी आधी कॉकपिटमधले फोन बंद झालेत का बघावं, असं मी नोकरीत असतानाही म्हणायचो. कुणाला आवडायचं नाही.

उलट उदाहरणही देतो. जानेवारी २००० मध्ये झुरिकहून निघालेलं क्रॉसएअरचं साब ३४० पडलं, दहा जण गेले. तेव्हा मोबाइलचा संशय पेपरांत गाजला होता, आजही लोक फॉरवर्ड करतात. अंतिम अहवालात मात्र कारण निघालं ते वैमानिकाचं रात्री ढगात दिशाभान हरपणं. तेव्हा सगळं फोनच्या गळ्यात बांधायलाही मी तयार नाही.

---

खिडकीची जागा

जुनी वायर, मनःपूर्वक आभार. मेहुण्याला धागा पाठवलाय, त्याचं उत्तर आलं, "म्हणजे सिद्ध नाहीच." असो, तो तसाच आहे.

वाय-फायचं मात्र राहिलं. तेही लहरीच ना? मग ते कसं चालतं? आणि हल्ली फ्लाइट मोडमध्ये उतरेपर्यंत फोन वापरू देतात, पूर्वी तेवढंही चालायचं नाही. मध्ये काय बदललं?

---

जुनी वायर

तीन गोष्टी. एक, बँड. वाय-फाय आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर, शिवाय वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवरही. विमानाच्या रिसीव्हरपैकी तिथे कुणी ऐकत बसलेलं नाही. दोन, ताकद. राउटर तुमच्या डोक्यावरच्या छतात, चार हातांवर. फोनला ओरडावं लागत नाही. ज्या विमानात मोबाइल फोनही चालू देतात तिथेही हीच युक्ती. आत छोटंसं केंद्र, पिकोसेल, बसवतात आणि ते प्रत्येक फोनला सांगतं, हळू बोल. मग २ वॅटचा फोन १ मिलिवॅटवर येतो. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: वाय-फाय बसवण्याआधी ते त्या विमानावर तपासून मंजूर करून घ्यावं लागतं. प्रवाशाच्या खिशातलं काहीच तपासलेलं नसतं.

तपासल्याचा फायदा काय, तर अशाच तपासणीत बोइंग ७३७ आणि ७७७ च्या कॉकपिटमधले काही विशिष्ट डिस्प्ले पडदे वाय-फायच्या लहरींनी काळे होतात हे सापडलं. चाचणीत, उड्डाणात नव्हे. एफएएने २०१४ मध्ये आदेश काढला, ते पडदे बदला, मुदत पाच वर्षं. मला हे प्रकरण फार बोलकं वाटतं. २.४ गिगाहर्ट्झवर कुणी ऐकत नाही असं मी वरच लिहिलंय, आणि तरी पडदा काळा. कारण तिथे लहर रिसीव्हरमधून नाही, थेट आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरत होती. कागदावरचा बँडचा तक्ता बघून 'चालतंय' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण टेबलाच्या काचेखाली ठेवावं.

बदललं ते असं. एफएएने समिती नेमली, तिने सांगितलं की बहुतेक व्यापारी विमानं प्रवाशांच्या उपकरणांना तोंड देऊ शकतात, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये विमानतळाच्या एका दारापासून दुसऱ्या विमानतळाच्या दारापर्यंत, म्हणजे उड्डाण-उतरणीतही, फ्लाइट मोडमध्ये वापर खुला झाला. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, पाठोपाठ तेच केलं, आणि २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की विमान कंपनीने आपली विमानं तपासून घेतली असतील तर फ्लाइट मोडचीही सक्ती नको. म्हणजे परवानगी विमान बघून आहे, फोन बघून नाही. म्हणूनच एका कंपनीच्या विमानात एक नियम आणि दुसरीच्यात दुसरा, आणि लोक म्हणतात बघा यांचंच यांना ठरत नाही. धुकं फार असेल आणि आपोआप उतरायचं असेल तर आजही कप्तान सगळं बंद करायला सांगू शकतो. सांगितलं तर वाद घालू नका.

खरं सांगू का, आता मी नोकरीत असतो तर प्रवाशांच्या फोनने माझी झोप उडाली नसती. जीपीएसने उडाली असती. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. खाली पोचतं ते एक वॅट भागिले दहा हजार लाख कोटी, एवढं. ते बुजवायला किती लागणार? अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर जीपीएसवर आधारलेली उतरण्याची यंत्रणा बसवली, ती मध्येच आंधळी व्हायची. शोध घेतला तर शेजारच्या महामार्गावरच्या गाड्या. सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचं जॅमर मिळतं, मालकाला आपली गाडी कुठे आहे ते कळू नये म्हणून चालक ते लावतात. त्यातल्या एकाला २०१३ मध्ये एफसीसीने जवळपास ३२ हजार डॉलर दंड ठोठावला. त्याला विमानाचं काही करायचं नव्हतं, त्याला साहेब चुकवायचा होता.

आणि आता युद्धक्षेत्रांच्या आसपास तर जॅमिंगच्या पुढे, स्पूफिंग. म्हणजे सिग्नल बुजवत नाहीत, खोटा पाठवतात. सप्टेंबर २०२३ पासून इराकच्या आकाशात, मग पूर्व भूमध्य समुद्रावर विमानांना आपण भलतीकडेच आहोत असं दिसायला लागलं. पस्तीस हजार फुटांवर असताना जमीन जवळ आल्याची सूचना, 'पुल अप, पुल अप'. घड्याळं मागेपुढे. सगळ्यात वाईट म्हणजे काही विमानांत इनर्शियल यंत्रणा, जी कुणाचंच न ऐकता आपली आपण हिशोब ठेवते, तिलाही जीपीएस वेळोवेळी दुरुस्त करत असतं. जीपीएस खोटं बोललं की दुरुस्तीच चुकीची, मग कुणावर भरवसा ठेवायचा? एप्रिल २०२४ च्या शेवटी फिनएअरने एस्टोनियातल्या टार्टूची उड्डाणं महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरायची पद्धत जीपीएसवर होती आणि जीपीएस टिकत नव्हतं. जी व्हीओआर केंद्रं जुनी म्हणून मोडीत काढायला निघाले होते, त्यांतली किमान काही तरी राखून ठेवायचीच असं अमेरिकेने ठरवलं, ते यासाठीच. आमच्या तरण्या इंजिनिअरांना व्हीओआर तपासायचा बेंच दाखवला की हसायचे.

---

मनोरा

जुनी वायर, ५जीच्या वादावर काही लिहिलं नाहीत? तिथे आमच्या लोकांना उगाच झोडपलं असं माझं मत. अमेरिकेत ५जीला दिलं ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झ, विमानाचा रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) ४.२ ते ४.४ मध्ये. मध्ये २२० मेगाहर्ट्झ मोकळी जागा. आम्ही आमच्या कुंपणात, तुमचा अल्टिमीटर कुंपणावरून वाकून बघतो, आणि ओरडा आमच्या नावाने.

---

जुनी वायर

तुमचं निम्मं खरं आहे, मान्य. जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर ढिले होते. ते बनले तेव्हा शेजारी उपग्रहांचे क्षीण सिग्नल होते, म्हणून कुणी कडक फिल्टर लावला नाही. पण शेजार बदलणार हे तुम्हालाही माहीत होतं आणि आमच्याही वरच्यांना, आणि दोन्हींकडचे साहेब शेवटच्या आठवड्यापर्यंत पत्रं लिहीत बसले. १९ जानेवारी २०२२ ला टॉवर चालू व्हायचे होते, त्या दिवशी एमिरेट्स, एअर इंडिया, जपानच्या कंपन्या यांनी अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली. मग विमानतळांभोवतीचे टॉवर काही काळ थांबवले आणि विमानांना फिल्टर बसवायला लावले.

रेडिओ अल्टिमीटर का नाजूक, तेही सांगून टाकतो. पोटाखालून लहर सोडायची, जमिनीवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. साधारण अडीच हजार फुटांखाली तो कामाला येतो. त्याचा आकडा फक्त वैमानिक वाचत नाही, संगणकही वाचतो. नाक कधी उचलायचं, जमिनीला टेकलो का, इंजिनचा जोर उलटा फिरवू द्यायचा का. बोइंग ७८७ साठी तेव्हा खास आदेश निघाला, कारण अल्टिमीटर चुकला तर इंजिन आणि ब्रेक 'आता जमिनीवर आहोत' या स्थितीत जाणारच नाहीत अशी भीती होती. ओल्या धावपट्टीवर ही गंमत नाही.

---

गोधडी

इतकं तांत्रिक काही कळत नाही, पण वाचत राहिले. माझ्या आईच्या कानाला मशीन आहे, ब्लूटूथवालं. पुढच्या महिन्यात ती एकटी प्रवास करणार आहे. फ्लाइट मोड म्हटलं की ती घाबरून मशीनच काढून ठेवते आणि मग कुठलीच सूचना ऐकू येत नाही. ते काढायला लागतं का?

---

जुनी वायर

नाही, अजिबात काढायचं नाही. अमेरिकेच्या मूळ नियमातच चार गोष्टी नाव घेऊन वगळल्या आहेत: श्रवणयंत्र, पेसमेकर, आवाज टिपणारं यंत्र आणि इलेक्ट्रिक दाढीचं यंत्र. (दाढीच्या यंत्राला हा मान कुठल्या साहेबाने दिला देव जाणे, त्याच्या मोटरच्या ठिणग्यांनी माझ्या बेंचवरचा रिसीव्हर चांगला खरखरायचा.) ब्लूटूथची ताकद काही मिलिवॅट, त्याने काही होत नाही. फोनवर फ्लाइट मोड लावला की काही फोनांत ब्लूटूथही बंद होतं. ते नंतर वेगळं चालू करता येतं, आईंना एकदा घरी करून दाखवा. आणि बसल्यावर कर्मचाऱ्यांना सांगून ठेवायला सांगा की कानाला मशीन आहे. ते येऊन समोर उभं राहून सांगतात.

मशीन चार्जिंगचं असेल तर त्याची डबी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. डबीत लिथियम बॅटरी असते. ती तापली तर केबिनमध्ये कुणीतरी बघायला असतं, खाली सामानात नसतं.